अठरा तारखेचा शिक्का

१

रविवारी पहाटे गेलेल्या माणसाने सोमवारी सत्तावीस अर्जांवर सह्या केल्या, असं कागद सांगत होते. आणि कागद खोटं बोलत नाहीत, असं उपकुलसचिवांचं म्हणणं होतं.

त्यांनी अर्जांचा गठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती अकरा वर्षं काम करत होती, पण या खोलीत बसायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. खुर्ची नको तितकी मऊ होती.

"ही सही तुमच्या वडिलांची आहे?"

"आहे."

"नीट बघा."

"नीटच बघितली." शेवटचा फाटा वर नेऊन मध्येच सोडून दिलेला. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिने ती सही दहा वर्षं पाहिली होती. सहीच्या वर आवक शिक्का होता, गोल, जांभळा, आणि मधोमध तारीख अठरा.

"मग तुम्हीच सांगा. नाना गेले सतरा तारखेला. शिक्का अठराचा. मेलेला माणूस..." उपकुलसचिव थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माफ करा."

"वाक्य पूर्ण करा, सर. मेलेला माणूस सही करत नाही."

चष्मा परत डोळ्यांवर चढला. मग त्यांनी प्रकरण समजावून सांगितलं, जसं ते कुणालाही सांगत असतील तसं. शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांना परत प्रवेश घेताना जुनी वर्षं धरून मिळत, हा जुना नियम. पाच वर्षांपूर्वीचं काहीच धरायचं नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, हा नवा. जुन्या नियमाचा शेवटचा दिवस शुक्रवार, पंधरा तारीख. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवार अठरापासून नवा नियम. हे सत्तावीस जण सांगत होते, अर्ज आम्ही शुक्रवारीच दिले.

"सांगणारच. प्रत्येकाची दोन-दोन, तीन-तीन वर्षं पणाला लागलीत."

"आवक-वही बघा ना मग. बाबा प्रत्येक अर्ज वहीत हाताने चढवायचे."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. नव्या नियमाबरोबर नवी वही सुरू झाली. जुनी नानांच्या कपाटात होती. गेल्या शुक्रवारी मी ती मागितली, तर कपाटाचं कुलूप जिथल्या तिथं आणि वही गायब. किल्ल्या दोनच. एक नोंदणी कक्षात काकूंच्या खणात असते. आणि दुसरी..."

तिने पर्स उघडून किल्ली टेबलावर ठेवली. "दुसरी ही. घरी खिळ्याला होती, कॅलेंडरच्या शेजारी. आज सकाळी मी ती पहिल्यांदा काढली."

खरं तर तीन आठवड्यांत ती त्या भिंतीजवळ फारशी गेलीच नव्हती. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर अजून सतरा तारखेवरच होतं. ते फाडायचं काम तिचं नव्हतं.

"मी तुमच्यावर आळ घेत नाही," उपकुलसचिव म्हणाले. "पण दुपारी तीनला प्रवेश समितीची बैठक आहे. एक तर त्या हंगामी पोरीने नानांच्या खोट्या सह्या केल्या, म्हणजे तिची नोकरी जाणार आणि पोलिसांत तक्रार होणार. नाही तर नानांनी जाण्यापूर्वी कोऱ्या अर्जांवर सह्या करून कुणाला तरी दिल्या. मग तसं त्यांच्या नावासमोर कायमचं लिहिलं जाईल. मलाही ते आवडणार नाही. पण तिसरं काही मला दिसत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"तीनपर्यंत मला तिसरं शोधू द्या," ती म्हणाली. आणि आपण हे बोललो, याची तिची तिलाच भीती वाटली.

२

नोंदणी कक्ष तळमजल्यावर होता. लोखंडी शटरची एक खिडकी, तिच्याबाहेर रांग, आत तीन टेबलं. त्यातलं मधलं रिकामं होतं. रिकामं असूनही त्यावर कुणी काही ठेवत नव्हतं.

"ये गं पोरी," काकू म्हणाल्या. बसल्या जागेवरूनच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बावीस वर्षं त्या नानांच्या शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. एरवी ती दारात दिसली की काकू डबा बाजूला सारून उठत, गालावरून हात फिरवत, वाळलीस म्हणत. आज त्या उठल्या नाहीत. "गुडघे धरलेत बघ. उठवतच नाही."

ती वाकून त्यांच्याजवळ गेली. काकू बुटक्या आणि गोल, खुर्चीवर कायम तीच फुलाफुलांची उशी. टेबलाखाली त्यांच्या चपला सुटून पडल्या होत्या आणि पाय शाळकरी मुलीसारखे अधांतरी हलत होते.

"काकू, जुनी वही कुठं गेली असेल?"

"मला काय ठाऊक? माझ्या खणातली किल्ली सगळ्या गावाला माहीत आहे. कुणीही यावं, घ्यावी." त्या इतक्या भराभर बोलल्या की खिडकीबाहेरच्या मुलाने आत डोकावून पाहिलं. "तुझं काय रे? अर्ज भर आधी नीट, मग डोकाव."

"आणि त्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, तुम्ही कधी निघालात?"

"साडेचारला. रोजच्यासारखी. खिडकी बंद झाली की माझं काय काम? नाना बसले होते." काकूंनी डोळ्याला पदर लावला. "म्हटलं, चला की. तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं."

खिडकीशी बसलेली मुलगी मान खाली घालून पावत्या फाडत होती. सहा वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती. दर सहा महिन्यांनी नवा कागद, त्यामुळे सगळे तिला हंगामीच म्हणत, आणि आता तीही त्या नावाला ओ देई.

"ताई, मी केलं नाही," विचारायच्या आधीच ती म्हणाली. "पण ते मीच केलं असं सगळ्यांना वाटतंय, आणि त्यांचंही बरोबर आहे. मला नानांची सही येते."

"येते म्हणजे?"

"गंमत म्हणून शिकले होते. रद्दी कागदावर काढून त्यांनाच दाखवायची. ते म्हणायचे, वा, आता मी रजेवर जायला मोकळा. अख्ख्या कक्षाला माहीत आहे." तिचा आवाज चिरकला. "आता हसू येत नाही."

काकूंनी खणातून काहीतरी शोधायला सुरुवात केली. त्यांना ते सापडत नव्हतं.

"शुक्रवारी तू कुठं होतीस?"

"परीक्षेच्या पर्यवेक्षणाला पाठवलं होतं, दिवसभर. सोमवारी सकाळी आले. नाना नाहीत हे कळून आले होते, हातपाय चालत नव्हते. नवी वही काढली, एरवी नानांच्याच हाती असणारा शिक्का घेतला, तारीख फिरवायला गेले तर ती आधीच अठरावर होती. म्हटलं, बरं झालं, काकूंनी फिरवून ठेवली."

"मी?" काकू म्हणाल्या. "मी त्या शिक्क्याला कधी हात लावते? बोटं जांभळी होतात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ती दोघींकडे बघत राहिली. शनिवार-रविवार कक्षाला कुलूप होतं. सोमवारी पहिली आली ती हंगामी. मग शिक्का अठरावर कुणी आणून ठेवला होता?

३

समितीचा निकाल ऐकायला आलेले लोक वरच्या मजल्याच्या बाकांवर बसले होते. आजूबाजूने पोरं जिन्यावरून हसत-धावत जात होती, कुणाच्या पाठीवर क्रिकेटची बॅट, कुणाच्या हातात वह्या. बाकावरच्या मंडळींचं वय त्यांच्या दुप्पट होतं, आणि तशा गर्दीत ती माणसं चुकीच्या स्टेशनावर उतरल्यासारखी दिसत होती.

कडेला एक बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. परिचारिका होती, रात्रपाळी करून थेट आलेली. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षानंतर तिने शिक्षण सोडलं होतं.

"सोडलं कसलं, सुटलं," ती म्हणाली. "सासरे अंथरुणाला खिळले. आता पदवी घेतली तर वॉर्डप्रमुख होता येईल. नाही तर राहू आहोत तशा. पण पुन्हा पहिल्या वर्षापासून नाही जमायचं मला. मुलगीच यंदा पहिल्या वर्षाला आहे. एका बाकावर बसू का दोघी?"

"अर्ज कधी दिला तुम्ही?"

"शुक्रवारी. तुम्हीही तेच विचारताय! पलीकडच्या इमारतीत जुने निकाल काढून देणारा एकच माणूस होता. आम्ही सगळे त्याच्या रांगेत. कागद हातात पडले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. धावत आलो तर इथं शटर खाली. एक दाढीवाला गृहस्थ मटकन खालीच बसला. मग मी शटर वाजवलं."

"आणि?"

"आतून आवाज आला, कोण आहे? म्हटलं, सत्तावीस जण आहोत. शटर वर गेलं. म्हातारे गृहस्थ होते. मी म्हटलं, वेळ संपली का हो? तर म्हणाले, साडेचारला खिडकी संपते बाई, दिवस साडेपाचला संपतो. या एकेक."

हे वाक्य कुणी रचून सांगू शकलं नसतं. घरी बाबांच्या तोंडून, जेवताना, वेगळ्या निमित्ताने, ती ते कितीतरी वेळा ऐकत आली होती.

"शिक्का मारला तेव्हा तारीख बघितलीत?"

"नाही हो. मी त्यांच्याकडेच बघत होते." परिचारिकेने डोळे उघडले आणि प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

बाईने बाकावरचा हात तिच्या हातावर ठेवला. "त्यांना घाम आला होता. पंखा चालू असून. डावा खांदा सारखा चोळत होते. मी म्हटलं, काका, हे मला बरं दिसत नाही, आजच्या आज दाखवून घ्या. तर म्हणाले, आता सुट्टी आहे, सोमवारी जातो." ती थांबली. "मी हात धरून न्यायला हवं होतं. माझा तो धंदाच आहे. पण मागे वीस माणसं उभी होती, आणि मला माझ्या अर्जाचं पडलं होतं."

शनिवारी दिवसभर बाबा आडवे होते. जरा थकलोय, म्हणाले होते. ती शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत होती. तिने पुस्तकातून मान वर काढून "बरं" म्हटलं होतं.

"मीही नेलं नाही," ती म्हणाली.

बारा वाजले होते. परिचारिकेवर तिचा विश्वास बसला होता, पण समितीचा बसणार नव्हता. उलट जितकं ऐकावं तितकं कोडं घट्ट होत होतं. बाबांनी शुक्रवारी अर्ज घेतले, शुक्रवारी सह्या केल्या. मग शिक्का सोमवारचा कसा?

४

कर्मचाऱ्यांची घरं विद्यापीठाच्या आवारातच, दहा मिनिटांवर होती. बाबांच्या टेबलावरच्या कागदांत काही सापडतं का ते पाहायला ती घरी गेली. सापडलं ते नेहमीचं: दोन पेन, रबरबँडांची डबी, सोमवारी धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी. सोमवारची यादी शनिवारीच केलेली.

तिने किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि सवयीने नजर चुकवून वळणार, तोच थांबली.

सतरा, रविवार.

बाबा रविवारी पहाटे चारला गेले. त्यानंतर कॅलेंडरला कुणी हात लावला नव्हता. मग शनिवारचं पान फाडलं कुणी?

उत्तर तिला लहानपणापासून माहीत होतं, इतकं की ते उत्तर आहे हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं. बाबाच फाडत. रोज रात्री, जेवण झालं की, ताट उचलण्याआधी. आईला ते कधी आवडलं नाही. अहो, आजचा दिवस संपू तरी द्या, ती म्हणायची. त्यावर त्यांचं ठरलेलं, "सकाळी उठल्यावर उद्या शोधत बसायचं का?" शनिवारी रात्रीही ते भिंतीला धरत उठले होते, पान फाडलं होतं, घडी करून खिशात घातलं होतं. पहाटेसाठी रविवार तयार ठेवून ते झोपले होते.

ती खुर्चीवर बसली.

जो माणूस घरी रात्रीच उद्याची तारीख लावतो, तो कचेरीत काय करत असेल? साडेचारला शटर खाली. काकू गेल्या. हंगामी परीक्षेला. कामाचा दिवस संपला, म्हणून हात शिक्क्याकडे गेला असणार, रोजच्यासारखा. पुढचा कामाचा दिवस सोमवार. म्हणजे अठरा. आणि मग शटर वाजलं.

एरवी त्यांनी आधी तारीख मागे घेतली असती. चौतीस वर्षांत त्यांची तारीख चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली. घाम आला होता, खांदा दुखत होता, दारात सत्तावीस माणसं उभी होती. खोटी सही नाही, कोरा कागद नाही. तिसरं हे होतं.

पण हे झालं तिच्या मनाचं समाधान. समितीला कॅलेंडरचं पान दाखवून भागणार नव्हतं. वहीत तारीख शिक्क्याने पडत नसे, बाबा ती हाताने लिहीत. वही हवी होती. दीड वाजला होता.

वही कुणी घेतली असेल? फाटकावरचा पहारेकरी परीक्षा सुरू असल्यामुळे प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. हातभर लांब, चार बोटं जाड वही आवाराबाहेर नेणं शक्य नव्हतं. म्हणजे ती आतच होती. कपाटं शोधून झाली होती, माळे झाले होते. जिथं कुणी शोधणार नाही अशी जागा...

तिला अचानक काकूंचे पाय आठवले.

५

"काकू, जरा उठा."

"अगं गुडघे..."

"बावीस वर्षं याच खुर्चीवर, याच उशीवर तुमचे पाय जमिनीला टेकत होते, काकू. आज टेकत नाहीत. तुम्ही तरी उंच झालात, नाही तर उशी."

हंगामीच्या हातातला शिक्का तसाच राहिला. काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडला आणि त्या उठल्या. गुडघे अगदी व्यवस्थित चालत होते. उशीच्या अभ्र्याच्या आत, कापसाखाली, तपकिरी वेष्टनातली वही होती. वेष्टन बाबांनी घातलेलं, कोपरे दुमडून.

"गेल्या गुरुवारी साहेबांचं बोलणं कानावर आलं," काकू म्हणाल्या. "वहीतलं अक्षर तपासून घेणार म्हणाले. मला वाटलं, झालं. पोरीने कुणाच्या तरी भिडेला पडून सोमवारी अर्ज घेतले, सह्या ठोकल्या आणि वहीतही लिहून ठेवलं. वही सापडली तर ती जेलात जाणार."

"काकू!" हंगामी म्हणाली. "तुम्हाला खरंच वाटलं मी..."

"तुला येते ना ती सही! किती वेळा सांगितलं होतं, असली सोंगं करू नकोस." काकू आता रडत होत्या आणि रागावतही होत्या. "तुझ्यासाठीच चार दिवस वहीवर बसून आहे. डबासुद्धा बसल्या जागी खाल्ला. पाठीचा काटा ढिला झाला माझ्या."

"उघडून बघितली नाहीत?" तिने विचारलं.

"धीर झाला नाही. हिचं अक्षर दिसलं असतं म्हणजे? आणि..." काकू थांबल्या. "नानांचं दिसलं असतं म्हणजे?"

शेवटचं पान तिने स्वतः उघडलं नाही. वही तशीच घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. मागून हंगामी, तिच्यामागे अनवाणी काकू. तीनला दहा मिनिटं कमी होती.

तिने आधी सांगितलं आणि मग वही दिली. शटर, शिक्का, सवय, आजार. सोमवारी शिक्का कुणीच फिरवला नव्हता, कारण तो शुक्रवारीच फिरलेला होता. उपकुलसचिवांनी सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दिसू न देता. मग शेवटचं पान उघडलं.

वर तारीख पंधरा, हाताने. सत्तावीस नावं. पहिली दहा सरळ ओळीत, पुढची उतरणीला लागलेली, जणू पान कुणी तिरकं धरलं होतं. खाली, इमारत बंद करणाऱ्या शिपायाची सही, रोजच्यासारखी, पाच वाजून चाळीस मिनिटं. तो ती कधीच न वाचता करत असे. आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, आणखी चार ओळी होत्या. उपकुलसचिवांनी त्या आधी मनात वाचल्या. मग वही फिरवून तिच्यासमोर ठेवली.

"वरील सत्तावीस अर्ज आज रोजी खिडकी पुन्हा उघडून घेतले. शिक्का माझ्या चुकीने अठरा तारखेचा पडला आहे. जाताना लक्षात आले. सोमवारी दुरुस्त करणे."

खाली सही होती. या वेळी फाटा वर नेलेला नव्हता. तो तिथंच थांबला होता.

ती बराच वेळ ते अक्षर बघत राहिली. त्यांना चूक कळली होती. ती त्यांनी लिहून ठेवली होती, स्वतःच्या नावावर. आणि पुढे सोमवार आहे, याबद्दल त्यांच्या मनात काहीच शंका नव्हती.

उपकुलसचिवांनी खिशातून पेन काढलं. "मूळ माणसाची इच्छा नोंदलेली आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीचाच होता, पण जरा खाली आलेला. "दुरुस्ती नोंदणी कक्षाने करायची, प्रतिस्वाक्षरी मी करतो. सत्तावीसच्या सत्तावीस. आजच."

हंगामीने अठरावर एक सरळ रेघ मारून बाजूला पंधरा लिहिलं, सत्तावीस वेळा, स्वतःच्या अक्षरात, आणि सही केली, स्वतःची. बाहेरच्या बाकांवर बातमी गेली तेव्हा कुणी ओरडलं नाही. परिचारिका उठली, पुन्हा बसली आणि बसल्या जागी झोपून गेली.

साडेचारला ती नोंदणी कक्षातच होती, बाबांच्या रिकाम्या टेबलाच्या खुर्चीत. कुणी तिला उठवलं नव्हतं. काकूंचे पाय जमिनीला टेकले होते. हंगामीने शटर खाली ओढलं, हात पुसले आणि शिक्का उचलला.

"नानांसारखं करू का, ताई?" ती म्हणाली. तिचं बोट तारखेच्या चाकावर होतं. "उद्याचं लावून ठेवू?"

ती घड्याळाकडे बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून आजच आहे."